हुंडणावळ आणि अब्रू

"सत्तेचाळीस साली एका रुपयाला एक डॉलर मिळायचा, आणि आज बघा." रुपयाने नव्वदी ओलांडल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आत कळतं. शेवटचं ऐकलं ते एका लग्नात, पंगतीत. सोलकढीची वाटी हातात धरून आमचे एक मुंबईकर नातेवाईक देशाची अब्रू कशी गेली ते सांगत होते. समोरच्या पाटावरच्या गृहस्थांनी लगेच उलट बाजू धरली: रुपया उतरला की निर्यात वाढते, आपल्या हापूसला दुबईत जास्त पैसे होतात, तुम्हाला अर्थशास्त्र कळत नाही. दोघांचे आवाज चढले, वाढपी भाताचं पातेलं घेऊन ताटकळला. मला गंमत वाटली ती निराळ्याच गोष्टीची. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया अडुसष्टवर गेला होता तेव्हाही हे दोघे असेच भांडले होते, फक्त बाजू नेमक्या उलट होत्या. मधल्या काळात अर्थशास्त्र होतं तिथेच राहिलं, दिल्लीतलं सरकार तेवढं बदललं.

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. त्यातली बरीचशी चिपळूण-रत्नागिरीकडच्या शाखांत, आखातातून आलेले ड्राफ्ट जिथे वटायचे त्या खिडकीवर. आता वेंगुर्ल्यात थोडी काजूची बाग सांभाळतो. खिडकीच्या आतून आणि बाहेरून असा दोन्हीकडून हा आकडा बघितल्यावर, त्यावरचा वाद ज्या पद्धतीने चालतो तिचा वैताग येतो. माझं म्हणणं असं की डॉलरला किती रुपये पडतात यावर देशाची अब्रू टांगलेली नसते. हा आकडा घरातल्या वाटणीचा आहे. जुन्या मराठीत याला हुंडणावळ म्हणत. विनिमय दर या गुळगुळीत शब्दापेक्षा मला तो आवडतो, कारण कुणीतरी कुणाला तरी पैसे मोजतोय हे त्यात ऐकू येतं. ती हलली की कुणाच्या ताटातलं कुणाच्या ताटात गेलं आणि किती वेगाने गेलं, एवढं विचारावं. तेवढंच कुणी विचारत नाही.

आधी ती दंतकथा निकालात काढू. १९२७ च्या कायद्याने रुपया एक शिलिंग सहा पेन्सला, म्हणजे अठरा पेन्सला (शिलिंग बारा पेन्सचा), बांधला गेला होता, आणि स्वातंत्र्य मिळालं तेव्हाही तो तिथेच होता. म्हणजे पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै. पौंड त्या वेळी ४.०३ डॉलरचा. चौथीतल्या मुलाला जमेल असा भागाकार आहे: डॉलरला तीन रुपये पाच आणे. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड २.८० डॉलरवर आणला. आपण पौंडाचं बोट धरून चालत होतो, त्याच्यासोबत उतरलो, डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. ६ जून १९६६ ला तो साडेसात रुपयांवर नेला. १९७५ मध्ये पौंडाचं बोट सुटलं. जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोन टप्प्यांनी एकविसावरून सव्वीसच्या आसपास, आणि १९९३ मध्ये दर बाजारावर सोडला तेव्हा एकतीसच्या घरात. पुढचं सगळ्यांच्या आठवणीतलं. एकास एक या रांगेत कुठेच नाही.

या दंतकथेला एक तर्कही चिकटवलेला असतो: तेव्हा देशावर परदेशी कर्ज नव्हतं, म्हणून दर समान. कर्ज नव्हतं हे खरं. उलट दुसऱ्या महायुद्धात इथून नेलेल्या मालापोटी आणि खर्चापोटी ब्रिटनच आपलं शंभर कोटी पौंडांहून जास्त देणं लागत होता. पण त्याने दर एकास एक कसा होईल? माझ्या डोक्यावर कर्ज नाही म्हणून माझी पायली आणि शेजाऱ्याचा शेर एका मापाचा होतो का? रुपया आणि डॉलर ही दोन वेगळी मापं आहेत. माप मोठं म्हणून घरात भात जास्त शिजत नाही. १९४९ मध्ये डॉलरला ३६० येन ठरले, आजही एका रुपयाला दीडाहून जास्त येन येतात. नुसत्या आकड्याने बघायचं तर रुपया येनपेक्षा भारी, तरी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला कर्ज जपानने आपल्याला दिलं, आपण जपानला नाही. ओमानचा रियाल अमेरिकन डॉलरच्या अडीचपट आहे. मग ओमान अमेरिकेहून अडीचपट बलाढ्य म्हणायचं?

आम्हा तळकोकणातल्या लोकांना तर हे सांगायचीही गरज नसावी. आरोंद्याला तेरेखोलची खाडी ओलांडली की पलीकडे पोर्तुगीज राज्य होतं, आणि तिथली रुपिया आपल्या रुपयाच्या बरोबरीने चालायची. मग पोर्तुगीजांनी १९५८ मध्ये रुपिया काढून एस्कुदो आणायचं ठरवलं, एका रुपियाला सहा. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ मध्ये त्याच हिशेबाने सहा एस्कुदोंचा एक रुपया करून दिला. म्हणजे गोवेकराच्या खिशातला आकडा चार वर्षांत आधी सहापट झाला, मग पुन्हा एक षष्ठांश. बांगड्याचा वाटा मात्र तितक्याच कष्टाला मिळत होता.

अब्रूच्या मुद्द्याकडे येऊ, कारण तोच सगळ्यात जोरात बोलला जातो. स्वस्त रुपया म्हणजे राष्ट्राचा अपमान असं मानणाऱ्यांनी रुपया सोळा पेन्सचा ठेवायचा की अठरा पेन्सचा, हा १९२०च्या दशकातला वाद एकदा नजरेखालून घालावा. त्या वादात रुपया तगडा हवा असं म्हणणारं कोण होतं? इंग्रज सरकार. लंडनला दरसाल पाठवायच्या होम चार्जेसना, म्हणजे हिंदुस्थानच्या नावावर तिथे होणाऱ्या सरकारी खर्चाला, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनींना तगड्या रुपयात कमी रुपये लागत. त्याआधी चांदी घसरून चांदीचा रुपया उतरू लागला तेव्हा १८९३ मध्ये याच सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या होत्या, आणि अधिकाऱ्यांना हुंडणावळीची नुकसानभरपाई म्हणून वेगळा भत्ता लावून घेतला होता. रयतेला भत्ता नव्हता. १९२६ मध्ये चलनाचा प्रश्न बघायला नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनने अठरा पेन्सची शिफारस केली तेव्हा त्याचे एक सदस्य, मुंबईचे कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्स मागितले. त्यांचा हिशेब साधा होता. परदेशात एक पौंडाला विकलेल्या कापसाचे अठरा पेन्सच्या दराने तेरा रुपये पाच आणे हातात येतात, सोळा पेन्सच्या दराने पंधरा रुपये. आणि शेतसारा ठरलेला रुपयांत.

हा वाद केवळ पेढीवाल्यांचाही राहिला नाही. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. पहिली दारूबंदीची, चौथी मिठावरचा कर रद्द करण्याची. दुसरी कोणती? रुपया एक शिलिंग चार पेन्सवर, म्हणजे त्याच सोळा पेन्सवर आणा, म्हणजे उतरवा. चौथ्या मागणीसाठी त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. ती आठवण गावोगाव जपलेली आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याच यादीतली दुसरी ओळ आज एखाद्या पुढाऱ्याने वाचून दाखवली तर संध्याकाळपर्यंत त्याला देशद्रोही ठरवतील.

म्हणून उतरता रुपया हाच देशभक्तीचा, असं मी म्हणतोय का? तसं म्हणणं म्हणजे पंगतीतल्या त्या दुसऱ्या गृहस्थांच्या मांडीला मांडी लावून बसणं, आणि ते तितकेच चुकतात. या ठिकाणी मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं मूळ असलेल्या एका माणसाचं ऐकावं. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने निघाला, आणि पुढे हिल्टन यंग कमिशनसमोर त्यांनी साक्षही दिली. त्यांचा पुतळा प्रत्येक तालुक्याला आहे, हा विचार मात्र फारसा कुणी काढत नाही. रुपया उतरला की निर्यातदाराला नफा होतो, पण तो परदेशातून आलेला नसतो, तो देशातल्याच दुसऱ्या वर्गाच्या खिशातून आलेला असतो, कारण किमती चढतात तशी मजुरी चढत नाही: हे त्यांचं म्हणणं. आणि देशाच्या आत रुपयाला काय मिळतं ते स्थिर ठेवा, त्याशिवाय बाहेरचा दर स्थिर करायच्या गोष्टी पोकळ आहेत, हा त्यांचा दुसरा मुद्दा. शंभर वर्षांपूर्वी हे लिहिलं गेलं, आणि आपण अजून अब्रूवर अडलोय.

बाबासाहेबांचा पहिला मुद्दा माझ्या घराच्या परिघात बघायला मिळतो. वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळकडचे काजू कारखाने इथल्या बीवर वर्षभर चालत नाहीत. ते आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाची बी आणतात आणि ती डॉलरमध्ये येते. डॉलर चढला की कारखानदार हवालदिल होतो. त्याच आठवड्यात माझ्यासारख्या बागायतदाराला बरे दिवस येतात, कारण बाहेरची बी महाग म्हणून व्यापारी इथल्या बीला चार पैसे जास्त द्यायला तयार होतो. दोघं एकाच हॉटेलात चहा पितात. एकाला रुपया पडावा असं वाटतं, दुसऱ्याला पडू नये असं, आणि दोघंही देशाच्या नावाने बोलतात. तिसरी व्यक्ती त्या टेबलावर नसतेच. ती कारखान्यात बसून गर सोलत असते, मांडीवर फडकं, बोटं चिकाने काळी पडू नयेत म्हणून त्यांना तेल किंवा राख लावलेली. तिला किलोवर पैसे मिळतात. डॉलर साठाचा होता तेव्हा आणि नव्वदचा झाला तेव्हा तिचा किलोचा दर किती वाढला, आणि त्याच काळात तिच्या घरातल्या गोडेतेलाचा किती, हे तिला विचारा. दुबईच्या हापूसचंही तसंच आहे. निर्यातदाराला दिरहॅममध्ये पैसे होतात हे कबूल, पण पेटी वाशीला पाठवणाऱ्या बहुतेक बागायतदारांच्या हातात येते ती दलालाची पट्टी, आणि ती रुपयांत. विमानाचं भाडं डॉलर बघून ठरतं, फवारणीची औषधं चढतात. वरचा फायदा बागेपर्यंत झिरपता झिरपता मे संपतो.

तेव्हा घसरणीला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत, उलट त्यांच्या प्रचारकांपेक्षा मी ते जास्त गांभीर्याने घेतो. आपलं पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतं. गोडेतेल, खतं, औषधांचा कच्चा माल यांतलंही बरंच. मिरकरवाड्याचा ट्रॉलर असो की मालवणची छोटी होडी, डिझेल दोघींना लागतं. मुलाला शिकायला बाहेर पाठवण्यासाठी ज्या बापाने घर तारण ठेवलं, त्याची फी वर्षागणिक न सांगता वाढते. आणि १९६६ चा धडा तर फारच कडू आहे. रुपया एका रात्रीत उतरवला, त्या बदल्यात जी मदत यायची ती अपेक्षेइतकी आली नाही, त्यात लागोपाठ दोन दुष्काळ. अवमूल्यन करून निर्यात धो-धो वाढेल हे गणित तेव्हा साफ चुकलं. कुडाळच्या शाखेत असताना एक बाई महिन्याच्या महिन्याला यायच्या. थोरला कुवेतला, धाकट्याची होडी. खिडकीशी आल्या की पहिला प्रश्न, "भाऊ, आज दिनार किती झालो?" चढला असेल तर खूश. एकदा मी हसून म्हटलं, चढला म्हणजे डिझेलही चढणार. त्या नोटा मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे थोरल्यान धाडल्यान ता धाकट्यान जाळल्यान." अर्थसंकल्पावरची बरीच भाषणं मी ऐकली, इतकं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही.

पण हे सगळं मान्य केल्यावर पुढचा प्रश्न राहतोच: मग करायचं काय, दर दाबून धरायचा? अब्रूवाद्यांचं उत्तर मनातल्या मनात हेच असतं, फक्त ते त्याची किंमत सांगत नाहीत. आपण ती कोकण किनाऱ्यावर उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. स्वातंत्र्यानंतरची चाळीस वर्षं सरकारी रुपया कागदावर तगडा ठेवला, सोन्याची आयात बंद, डॉलर परवान्याने. परिणाम काय? सोन्याचा इथला भाव बाहेरच्या भावाच्या कितीतरी वर, आणि त्या फरकावर जगणारी गलबतं रात्री खाड्यांत शिरायला लागली. सोन्याची बिस्किटं, घड्याळं. गावात कुणाचं घर अचानक स्लॅबचं झालं की लोक कारण विचारत नसत. या चोरवाटा मुरल्या, त्यांना माणसं मिळाली, आणि १९९३ च्या सुरुवातीला रायगडच्या दिघी-शेखाडीला जे आरडीएक्स उतरलं ते याच सवयीच्या वाटांनी. यात एकट्या हुंडणावळीचा दोष नाही. लाच खाणारे आणि डोळेझाक करणारे होतेच. पण खोट्या भावाने धंद्याला भांडवल पुरवलं. आमच्या खिडकीवरही तेच. बँकेचा भाव आणि हवालावाल्याचा भाव यात इतकं अंतर असे की आखातातला शहाणा पोरगा ड्राफ्ट थोडक्याचा पाठवी आणि उरलेले कुणाच्या तरी हातून घरपोच. १९९२-९३ मध्ये दर मोकळा झाल्यावर ते अंतर आटलं, आणि काही वर्षांत बँकांमार्गे येणारा पैसा कित्येक पटींनी वाढला. आमच्या शाखेला तेव्हा दुसरी खिडकी उघडावी लागली.

दाबून धरलेला दर सुटतो तेव्हा कसा सुटतो, हे बघायला श्रीलंका लांब नाही. तिथे रुपया डॉलरला दोनशेच्या आसपास धरून ठेवला होता, परकीय चलनाची गंगाजळी संपेपर्यंत. मार्च २०२२ मध्ये हात सुटला आणि दोनेक महिन्यांत डॉलर साडेतीनशेच्या पुढे गेला. पेट्रोलच्या रांगा आपण टीव्हीवर पाहिल्या. ब्रिटननेही १९२५ मध्ये निव्वळ जुन्या इभ्रतीखातर पौंड युद्धापूर्वीच्या ४.८६ डॉलरवर नेऊन ठेवला. कोळसा महाग पडला, खाणमालकांनी मजुरी कापायला घेतली, १९२६ मध्ये देशभर संप झाला, आणि १९३१ मध्ये तो दर सोडावाच लागला. अब्रूची किंमत खाणकामगारांनी भरली.

अब्रूवाद्यांचा एक मुद्दा मात्र मलाही आतून हलवतो. एके काळी आपला रुपया कुवेत, बहरीन, दुबई, मस्कतमध्ये चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी 'झेड' अक्षर असलेल्या. चिपळूणच्या एका जुन्या खातेदाराने मला तशी एक दाखवली होती, वडिलांनी कुराणशरीफच्या रुमालात जपून ठेवलेली. त्यांना तिचा अभिमान होता आणि का नसावा? पण ती नोट तिथून का गेली ते बघा. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला, सव्वातेरा रुपयांच्या किंचित वर, कारण देश स्वतंत्र झाला. तो भाग आपल्या हातातला नव्हता. उरलेल्यांपैकी दुबई-कतारने पाठ फिरवली ती ६ जून १९६६ नंतर. त्यांच्या पेट्यांतल्या नोटांची किंमत त्यांना न विचारता एका रात्रीत तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेली होती. रुपया दरवर्षी दोन-तीन टक्के उतरत गेला असता तर शेख आणि त्यांचे सराफ हिशेब लावत राहिले असते. कागदी इभ्रतीसाठी सतरा वर्षं एकाच भावावर अडून राहायचं आणि मग एकदम कोसळायचं, याला कुठला सराफ पत देतो? शिवराज्याभिषेकाच्या वेळी १६७४ मध्ये रायगडावर आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलाने, हेन्री ऑक्झिंडेनने, इंग्रजांचं नाणं स्वराज्यात चालावं अशी मागणी केली होती. मिळालेली मान्यता अशी की ते आपल्या धातूच्या खऱ्या मोलाने चालेल. त्यात अपमानही नव्हता आणि मेहेरबानीही.

माझ्या बागेत आणि शेजारच्या हापूसच्या बागांत हंगामाला नेपाळी राखणदार असतात. बोटींवरही निम्मे खलाशी तिकडचेच. माझ्याकडचा महिनाअखेरीला मोबाइलवर घरी पैसे पाठवतो. त्याला मी एकदा भाव विचारला, जुन्या सवयीने. शंभराचे एकशे साठ, म्हणाला. पुढल्या वर्षी विचारलं, तोच भाव. १९९३ पासून नेपाळने स्वतःचा रुपया भारताच्या रुपयाला शंभरास एकशे साठ या हिशेबाने बांधलेला आहे. तीस वर्षांत आपल्या चलनासमोर त्यांची हुंडणावळ एका पैशाने हललेली नाही. पंगतीतल्या आमच्या नातेवाईकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, बघा, याला म्हणतात स्थिर चलन. मी विचारलं, मग तो राखणीला माझ्याकडे का आलाय? ते ताक मागायला लागले.